विजेचे बिल वाचताना

कुटुंबे व लहान समूहांसाठी अभ्यासलेख



ह्या महिन्याच्या समूह-अभ्यासासाठी आम्ही एक साधा कागद निवडला आहे. तो प्रत्येक घरात असतो, दर महिन्याला नव्याने येतो आणि बहुधा कपाटाच्या खणात किंवा फ्रिजवरच्या चुंबकाखाली जाऊन बसतो. हा कागद म्हणजे विजेचे बिल. आपण त्यातल्या दोनच गोष्टी पाहतो : रक्कम किती आणि भरायची शेवटची तारीख कोणती. रक्कम वाढलेली दिसली तर घरात थोडी बोलाचाली होते, बाथरूमचा दिवा कोणी चालू ठेवला ह्याचा तपास होतो आणि बिल भरले की विषय संपतो.

ह्या कागदावर रुपयांच्या हिशेबाबरोबर आणखी एक हिशेब आहे. आपल्या घरासाठी दूर कुठे तरी किती कोळसा जळला आणि त्यातून किती वायू हवेत गेला, त्याचा तो हिशेब. बिलावर तो छापलेला नसतो, परंतु सातवी-आठवीतल्या मुलालाही मांडता येईल इतका तो सोपा आहे. आज आपण तो मांडायला शिकणार आहोत. शेवटी काही प्रश्न दिले आहेत. त्यांची चर्चा प्रथम घरी जेवणाच्या वेळी आणि नंतर समूहाच्या सभेत करावी, अशी विनंती आहे.

१ युनिट म्हणजे किती?

१,००० वॅटचे उपकरण १ तास चालले की १ युनिट वीज खर्च होते. साधी इस्त्री सुमारे १,००० वॅटची असते, म्हणजे इस्त्री तासभर तापली की १ युनिट. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब १ युनिटमध्ये साडेसोळा तास जळत असे. तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी दिवा १ युनिटमध्ये ११० तासांहून अधिक चालतो. उपकरणावरच्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात. वॅटला तासांनी गुणावे आणि १,००० ने भागावे, की युनिट मिळाले. एवढेच गणित आज लागणार आहे.

आता हे युनिट येते कुठून ते पाहू. आपल्या देशात तयार होणाऱ्या दर १० युनिटांपैकी ७ च्या आसपास युनिट कोळशापासून तयार होतात. उरलेली वीज धरणांचे पाणी, अणुभट्ट्या, वारा, सूर्य व थोडा गॅस ह्यांपासून मिळते. औष्णिक केंद्रात १ युनिट वीज तयार करायला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. आपल्याकडच्या कोळशात राखेचे प्रमाण मोठे, ३० ते ४० टक्के असते. ती राख मागे उरते आणि कोळशातला कार्बन हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड बनतो.

इथे अनेकांना एक शंका येते. जळालेल्या कोळशापेक्षा वायूचे वजन जास्त कसे? उत्तर शाळेच्या रसायनशास्त्रात आहे. १२ ग्रॅम कार्बन जळताना हवेतला ३२ ग्रॅम ऑक्सिजन घेतो आणि ४४ ग्रॅम वायू तयार होतो. वायू डोळ्यांना दिसत नाही म्हणून तो हलका आहे असे आपण धरून चालतो. पाणी, अणू, सूर्य ह्यांची वीज मिसळून सरासरी काढली तर आज भारतात १ युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा एक आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

स्विच इथे, धूर तिथे

आपल्या आजीच्या काळी चूल घरातच होती. लाकूड ओले निघाले की धूर तिच्याच डोळ्यांत जायचा. जळण किती उरले हे परसातल्या ढिगावरून कळायचे. त्या चुलीचे आम्ही गोडवे गात नाही. त्या धुराने कित्येक बायकांची छाती आणि डोळे खराब केले. परंतु एक गोष्ट खरी की, ज्याने जाळले त्यालाच धूर दिसत होता. आज बटण आपल्या भिंतीवर आहे आणि चूल शेकडो किलोमीटर दूर आहे.

आपल्याच पालघर जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. जिल्ह्यात वीज निर्माण करणारी दोन मोठी केंद्रे आहेत. तारापूरचे अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून चालू आहे. दुसरे डहाणूचे ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र १९९० च्या दशकात उभे राहिले. तिथे रेल्वेने कोळसा येतो आणि तिथली वीज प्रामुख्याने मुंबईच्या उपनगरांना जाते. आपल्यापैकी अनेकांची मुले-मुली, भाऊ-बहिणी त्या उपनगरांत संसार करतात. त्यांच्या घरातला पंखा फिरतो आणि चिमणी असते डहाणूच्या चिकूवाड्यांशेजारी.

डहाणू तालुका केंद्र सरकारने १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला होता. तेथील रहिवाशांनी न्यायालयात दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी ह्यांच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरण नेमले गेले. चिमणीतून जाणारा गंधकाचा वायू अडवणारी यंत्रणा बसवावी, असा आग्रह त्या प्राधिकरणाने धरला आणि २००७ मध्ये ती यंत्रणा चालू झाली. सामान्य माणसांनी चिकाटी धरली तर काय होऊ शकते, ह्याचे हे आपल्या शेजारचे उदाहरण आहे. पण त्यात एक मर्यादाही आहे. ती यंत्रणा गंधक अडवते, कार्बन डायऑक्साइड अडवत नाही. तो अडवण्याचा आज आपल्या हाती असलेला सर्वात सोपा मार्ग एकच, कोळसा कमी जाळणे.

वसईला महावितरणची वीज येते. ती राज्यभरच्या जाळ्यातून येते. कोयनेचे पाणी, चंद्रपूरचा कोळसा, तारापूरचा अणू हे सारे त्या तारांमध्ये एक झालेले असते. त्यामुळे माझी वीज अमुक केंद्राची असे कोणालाच म्हणता येत नाही. म्हणूनच आपण सरासरी धरतो.

एका घराचा हिशेब

चार माणसांचे एक घर धरू. महिन्याला २०० युनिट वीज आणि एक गॅस सिलिंडर, एवढा त्यांचा वापर आहे.

वीज : २०० युनिट गुणिले ०.७, म्हणजे १४० किलो.

गॅस : सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. १ किलो गॅस जळाला की सुमारे ३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे सुमारे ४३ किलो.

एकूण : महिन्याला १८३ किलो.

पंचवीस किलोच्या तांदळाच्या सात गोण्या डोळ्यांसमोर आणाव्यात. एवढे ओझे हे घर दर महिन्याला हवेत सोडते. वर्षाचे होतात सुमारे २,२०० किलो, म्हणजे २.२ टन, आणि माणशी साधारण ५५० किलो. ह्यात अजून मोटारसायकल, गाडी, विमानप्रवास, घराचे सिमेंट, कपडे, अन्न ह्यांपैकी काहीच धरलेले नाही. फक्त वीज आणि गॅस.

हे जास्त की कमी? तुलनेसाठी मुंबईचा आकडा पाहू. मुंबई महानगरपालिकेने मार्च २०२२ मध्ये शहराचा हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला. त्यात २०१९ सालचा हिशेब आहे. शहरातून वर्षाला सुमारे २.३४ कोटी टन, म्हणजे माणशी साधारण १.८ टन उत्सर्जन होते. त्यातला सुमारे ७२ टक्के भाग इमारती व उद्योग ह्यांतल्या ऊर्जावापराचा, २० टक्के वाहतुकीचा आणि उरलेला कचऱ्याचा. आपल्याला रस्त्यावरच्या गाड्यांचा धूर दिसतो म्हणून तोच मुख्य वाटतो. प्रत्यक्षात शहराचे मोठे ओझे चार भिंतींच्या आत, घरांत, दुकानांत आणि कार्यालयांत तयार होते.

जगाशी तुलना केली तर भारतीय माणूस पुष्कळ कमी कार्बन सोडतो. आपली देशाची सरासरी माणशी २ टनांच्या आसपास आहे, जगाची साडेचार टनांहून अधिक आणि अमेरिकेची १४ टनांच्या आसपास. तेव्हा ‘आधी त्यांना सांगा, मग आम्हाला’ असे कोणी म्हटले तर त्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु सरासरी हा फसवा शब्द आहे. एका पंख्यावर आणि दोन दिव्यांवर भागवणारे पाड्यावरचे कुटुंब आणि तीन खोल्यांत तीन एसी लावणारे कुटुंब, दोघेही त्याच सरासरीत मोजले जातात. आपण कोणाच्या सावलीत उभे राहून ही सबब सांगत आहोत, हे प्रत्येकाने आपल्याच बिलावरून ठरवावे.

मोठे खाणारे कोण?

वीज वाचवा म्हटले की, आपण मोबाइलच्या चार्जरमागे लागतो. चार्जर दिवसाला एका युनिटचा पन्नासावा भागही क्वचितच खातो. खरे खाणारे वेगळे आहेत. साधा नियम असा की, जे यंत्र थंडावा किंवा उष्णता निर्माण करते ते जास्त खाते. आणि जे दिवसरात्र चालू असते ते थोडे थोडे खाऊन मोठे होते.

एसी. दीड टनाचा एसी तासाला साधारण १ युनिट किंवा अधिक घेतो. रोज रात्री आठ तास म्हणजे महिन्याला २४० युनिट. वर उल्लेखिलेल्या घराचा सगळा महिन्याचा वापर एकटा एसी ओलांडतो. तापमान १ अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते. म्हणूनच जानेवारी २०२० पासून नवे एसी चालू करताच २४ अंशांवर सुरू होतील असा नियम करण्यात आला. १८ अंशांवर एसी लावून वर गोधडी घेऊन झोपणे ह्याला आम्ही चैनही म्हणणार नाही, कारण चैनीतून निदान सुख तरी मिळते. एसीचा आणखी एक पैलू कमी जणांना ठाऊक असतो. अनेक एसींमध्ये असलेला आर-४१०ए हा वायू १ किलो गळून हवेत गेला, तर तो २ टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. हे जवळजवळ ३,००० युनिट वीज वापरल्यासारखे झाले. आर-३२ वायूची ही शक्ती त्याच्या सुमारे एक तृतीयांश आहे. तेव्हा दरवर्षी ‘गॅस भरून घ्या’ असे कारागीर म्हणाला, तर आधी गळती कुठे आहे ते शोधायला सांगावे. एसीतला गॅस वापरून संपत नाही. तो कमी झाला म्हणजे गळालाच.

गरम पाणी. वीस लिटर पाणी २० अंशांनी तापवायला जवळजवळ अर्धा युनिट लागतो. चार माणसांच्या चार बादल्या म्हणजे रोज सुमारे २ युनिट. औष्णिक केंद्रात कोळशाच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशच विजेत उतरते, बाकीची वाया जाते. म्हणजे आपण तिथे उष्णतेची वीज करतो आणि इथे त्या विजेची पुन्हा उष्णता करतो. पाण्यासाठी हा सर्वात लांबचा रस्ता आहे. गच्चीवर सौर बंब असेल तर उत्तम. नसेल तर गिझर सकाळभर चालू न ठेवता, आंघोळी एकामागून एक उरकून बंद करावा. मार्च ते मे गिझरची गरज किती, हेही पाहावे.

पंखे. जुना पंखा ७५ वॅट घेतो. तीन पंखे रोज बारा तास चालले तर महिन्याला ८० युनिट होतात. नवे बीएलडीसी पंखे तेवढाच वारा ३० वॅटच्या आसपास देतात. तेच काम ३२ युनिटांत होते. हे पंखे महाग असतात हे खरे, म्हणून एकदम सर्व न बदलता जो सर्वात जास्त तास चालतो तो आधी बदलावा. भिंतीवर डब्यासारखा मोठा जुना रेग्युलेटर असेल तर तो वेग कमी करताना उरलेली वीज उष्णतेत घालवतो. तोही बदलण्याजोगा आहे.

फ्रिज व इतर. फ्रिज वर्षभर चालू असतो. त्यावरच्या ताऱ्यांच्या लेबलवर तो वर्षाला किती युनिट घेईल ते स्पष्ट लिहिलेले असते. हे लेबल २००६ पासून आपल्याकडे आले. दुकानात किमतीबरोबर तो आकडाही विचारावा, कारण किंमत एकदाच द्यावी लागते आणि तो आकडा दहा-बारा वर्षे भरावा लागतो. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी अनेकदा १२ वॅटच्या आसपास घेतच राहतो. महिन्याला ८ युनिट होतात, तेही कोणी काही न पाहता. त्याचे बटण भिंतीवर बंद करावे.

स्वयंपाक. इंडक्शन शेगडी पर्यावरणाला चांगली का, असे पुष्कळ गृहिणी विचारतात. आजच्या कोळशाच्या विजेवर तेच जेवण गॅसवर शिजवले तर कमी कार्बन निघतो. वीज जसजशी स्वच्छ होत जाईल तसतसे हे चित्र बदलेल आणि ज्यांच्या गच्चीवर सौर पॅनेल आहेत त्यांच्यासाठी दिवसा ते आजच बदललेले आहे. दोन्ही ठिकाणी कुकर वापरणे, डाळ-कडधान्ये आधी भिजवणे आणि भांड्यावर झाकण ठेवणे ह्याला पर्याय नाही. हे आपल्या आयांना कोणी शिकवावे लागले नव्हते.

उपकरण बदलले, सवय तीच

इथे एक धोका सांगणे आवश्यक आहे. १८६५ साली विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स ह्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने कोळशाच्या प्रश्नावर एक ग्रंथ लिहिला. त्याला असे आढळले की, वाफेची इंजिने सुधारली, थोड्या कोळशात जास्त काम करू लागली, तरी इंग्लंडमध्ये कोळशाचा खप घटण्याऐवजी वाढला. काम स्वस्त झाले म्हणून लोकांनी ते जास्त करून घेतले.

आपल्याही घरांत हेच घडते. २०१५ पासून सरकारच्या उजाला योजनेतून देशात ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले आणि त्यांची किंमत सामान्यांच्या आवाक्यात आली. फार मोठे काम झाले. पण पूर्वी ज्या ओट्यावर एक दिवा लागायचा तिथे आता छताला आठ दिवे, जिन्यात माळ आणि कुंपणावर रोषणाई दिसते. नाताळची रोषणाई १५ दिवस आधी लागते आणि महिनाभर उतरत नाही. पाच ताऱ्यांचा एसी घेतला म्हणून तो दुपारीही लावला जातो. यंत्राने वाचवलेले आपल्या सवयी खाऊन टाकतात.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात चार मूलभूत सद्गुण शिकवतात : सुज्ञता, न्याय, धैर्य आणि संयम. चांगले उपकरण निवडणे ही सुज्ञता झाली. परंतु ती सुज्ञता टिकते संयमाच्या जोरावर. किती पुरे, हे कोणत्याही लेबलवर लिहिलेले नसते. ते घरात बसून ठरवावे लागते.

दाराबाहेरचा लाजरस

हान्स योनास ह्या जर्मन तत्त्वज्ञाने १९७९ मध्ये जबाबदारीवर एक महत्त्वाचा ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : जुने नीतिशास्त्र समोरच्या माणसाविषयी होते. मी ज्याला मारतो, फसवतो किंवा मदत करतो, तो मला दिसतो. आधुनिक यंत्रांमुळे माझ्या कृतीचे परिणाम इतके दूर आणि इतक्या नंतर होतात की, ज्यांना ते भोगावे लागतात ते मला कधीच भेटणार नाहीत. अजून जन्मही न झालेली माणसे त्यांत आहेत. म्हणून जबाबदारीलाही तितकेच दूर जावे लागेल.

हे परिणाम आता फारसे दूरही राहिलेले नाहीत. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात एका जाहीर सोहळ्याला आलेली दहाहून अधिक माणसे भर दुपारच्या उन्हाने दगावली. त्यांना सावली नव्हती. त्याच एप्रिल महिन्यात भारत आणि बांगलादेशात आलेल्या दमट उष्णतेच्या लाटेचा शास्त्रज्ञांनी अभ्यास केला. हवामान बदलामुळे अशी लाट येण्याची शक्यता किमान ३० पटींनी वाढली आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. उष्णता सर्वांना सारखी लागत नाही. पत्र्याच्या छताखाली राहणारे, इमारतीच्या पाडावर काम करणारे, मासळी व भाजी घेऊन रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या आपल्या बहिणी, ह्यांना ती आधी गाठते. त्यात एसी आतली उष्णता बाहेर टाकतो. आपली खोली गार होते आणि गल्ली थोडी अधिक तापते. गल्लीत ज्याचे घर आहे त्याला त्यासाठी कोणी विचारत नाही.

शुभवर्तमानातला श्रीमंत मनुष्य आणि लाजरस आपल्याला ठाऊक आहेत. त्या श्रीमंताने लाजरसला मारले, हाकलले असे कुठे म्हटलेले नाही. तो त्याच्या दाराशी पडलेला असून त्याला दिसला नाही, एवढाच त्याचा अपराध आहे. विजेच्या बिलाचा अभ्यास आम्ही ह्याच कारणासाठी करायला सांगत आहोत. बिलातले आकडे नीट वाचले की, दाराबाहेर कोण आहे ते दिसू लागते.

पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात वातानुकूलनाच्या वाढत्या वापराचे उदाहरण दिले आहे आणि अनावश्यक दिवे बंद करण्यासारख्या लहान कृतींचाही आदराने उल्लेख केला आहे. त्याआधी २००८ मध्ये, पोप सोळावे बेनेडिक्ट ह्यांच्या काळात, व्हॅटिकनमधील पॉल सहावे सभागृहाच्या छतावर सुमारे २,४०० सौर पॅनेल बसवण्यात आले.

हे वाचून कोणाला अपराधी वाटावे, असा आमचा हेतू नाही. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला, हृदयरोग्याला, तान्ह्या बाळाला मे महिन्यात एसीची गरज असेल तर तो निःसंकोच लावावा. गरज आणि सवय ह्यांतला फरक बाहेरच्याने ठरवायचा नसतो. ज्या घरात महिन्याला ६० युनिटही होत नाहीत, त्यांना काटकसर शिकवण्याचा अधिकार कोणालाही नाही. उलट त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

एकट्याने होत नाही ते

काही कामे एका घराच्या हातात नसतात. ती सोसायटीने, आळीने आणि धर्मग्रामाने मिळून करायची असतात.

पहिले, सोसायटीची सामाईक वीज. पाण्याचा पंप, लिफ्ट, जिन्याचे दिवे ह्यांचे बिल कोणीच वाचत नाही, कारण ते देखभाल खर्चात मिसळून जाते. वार्षिक सभेत ते वाचायला मागावे. टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारे साधन नाही, म्हणून वाहून जाणारे पाणी आणि वीज आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

दुसरे, गच्चीवरची सौर वीज. १ किलोवॅटच्या पॅनेलना साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि त्यांतून वर्षाला १,२०० ते १,४०० युनिट मिळतात. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत स्वतंत्र घराला पहिल्या २ किलोवॅटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये आणि ३ किलोवॅट वा अधिकसाठी एकूण ७८,००० रुपये अनुदान ठरवण्यात आले. गृहनिर्माण सोसायटीच्या सामाईक वापरासाठी प्रति किलोवॅट १८,००० रुपये. अर्ज करण्यापूर्वी अटी तपासून घ्याव्यात. सोसायटीने १० किलोवॅट बसवले तर वर्षाला सुमारे ९ टन कार्बन डायऑक्साइड वाचतो. वरच्या हिशेबाप्रमाणे चार कुटुंबांचा वर्षभराचा बोजा.

तिसरे, सावली आणि पाणी. वसईच्या जुन्या घरांना कौले होती, ओटा होता, समोर वाडी होती आणि जवळ बावखल होते. दुपारी घर तापत नसे. बावखले बुजवली, वाड्या तोडल्या, काचेच्या खिडक्या लावल्या, आणि मग एसी आवश्यक झाला. उरलेले बावखल राखणे, गच्चीला पांढरा रंग देणे, पश्चिमेच्या खिडकीला चिक लावणे, कुंपणाशी झाड लावणे हेही ऊर्जाबचतीचेच काम आहे. नवे घर बांधणाऱ्यांनी तर नकाशाच्या वेळीच वारा कुठून येतो ते विचारावे. नंतर ती चूक विजेने भरून काढावी लागते.

चौथे, आपले चर्च. चर्च, सभागृह आणि धर्मगुरूनिवास ह्यांची बिलेही ह्याच पद्धतीने मांडावीत, असा प्रस्ताव आम्ही धर्मग्राम परिषदेपुढे ठेवणार आहोत. जो हिशेब आम्ही घरांकडून मागतो तो चर्चनेही द्यायला हवा. लग्नाच्या रोषणाईचा आणि सभागृहाच्या एसीचा विषयही त्याच सभेत घेऊ.

महिन्याचा गृहपाठ

१. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर दिलेला असतो. गेल्या १२ महिन्यांचे युनिट वहीत उतरवा आणि प्रत्येक आकड्याला ०.७ ने गुणा. सिलिंडर किती लागले ते लिहा आणि प्रत्येकी ४३ किलो धरा. माणसांच्या संख्येने भागा. हे काम घरातल्या शाळकरी मुलांना द्यावे.

२. एक रविवार ठरवून सकाळी व दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वेळी मीटरचा आकडा पाहा. चोवीस तासांत किती युनिट गेले आणि कशासाठी, ह्याची यादी करा.

३. ज्या महिन्यात आकडा एकदम वाढला आहे, त्या महिन्यात घरात काय बदलले होते?

चर्चेसाठी प्रश्न

१. आमच्या घरातल्या कोणत्या वापराला आम्ही मनापासून गरज म्हणू, आणि कोणता नुसता सवयीचा झाला आहे? ह्यावर घरातल्या सर्वांचे एकमत आहे का?

२. आमच्या आळीत किंवा इमारतीत उन्हाळ्याचा सर्वात जास्त त्रास कोणाला होतो? गेल्या मे महिन्यात आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो का?

३. बिलातून वाचलेल्या पैशाचे काय करावे? ते दुसऱ्या खरेदीत गेले तर काय साधले? एखाद्या घराचा जुना पंखा बदलून द्यायला किंवा पत्र्याखाली छत लावून द्यायला समूह तो पैसा एकत्र करू शकेल का?

४. आमच्या सोसायटीत वा आळीत ह्या वर्षी करता येईल असे एक काम कोणते? ते कोण पुढे नेईल?

समूहप्रमुखांनी पुढच्या सभेत प्रत्येक घराकडून एक चिठ्ठी घ्यावी. चिठ्ठीवर नाव नको. फक्त माणसे किती, वर्षाचे युनिट किती आणि सिलिंडर किती एवढेच लिहावे. ह्या चिठ्ठ्यांवरून आपल्या सबंध धर्मग्रामाचा एक आकडा आम्ही ह्याच पानावर प्रसिद्ध करू. पुढच्या वर्षी ह्याच महिन्यात पुन्हा मोजू आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहू.